बोटीचा ट्रेलर वाजतोय, पण नेमकं काय वाजतंय?

मे महिना संपत आला की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत ताडपत्र्या निघतात आणि हिवाळाभर पडून असलेल्या बोटी रस्त्यावर येतात. मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, जिकडे बघाल तिकडे तळी. आपल्या मराठी मंडळींतही आता बोट बाळगणारे काही कमी नाहीत. बोटीची काळजी सगळेच घेतात. इंजिनाचं ऑइल बदलतात, बॅटरी चार्ज करतात, लाइफ जॅकेटं मोजून ठेवतात. बोट ज्यावर ठेवून गाडीमागे ओढत नेतात त्या ट्रेलरकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. मग पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला की मागून ‘ठण्ण’ असा आवाज येतो आणि गाडीत बसलेले सगळे एकमेकांकडे बघतात.

यावर गॅरेजवाल्याचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : ब्रेक गेले, चारही चाकांचे बदलून टाकू. कधी ते बरोबरही असतं. पण ट्रेलरच्या ‘ब्रेकच्या आवाजां’तले निदान निम्मे आवाज ब्रेकचे नसतातच, असं माझं मत आहे. ते ओळखायचे तर आधी हा ब्रेक लागतो कसा, हे समजायला हवं.

पेडल नसलेला ब्रेक

बोटीच्या ट्रेलरला बहुधा जे ब्रेक असतात त्यांना सर्ज ब्रेक म्हणतात. गाडीच्या ब्रेक पेडलचा त्यांच्याशी थेट काही संबंध नाही. एसटीत मधल्या वाटेत उभं असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण आपोआप पुढच्या माणसावर जाऊन आदळतो. गाडी हळू झाली की ट्रेलरही तसाच पुढे रेटला जातो. सर्ज ब्रेक याच रेट्यावर चालतो.

ट्रेलरच्या पुढच्या टोकाला जो लोखंडी डबा दिसतो त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. त्याचे दोन भाग एकमेकांत सरकतात. एक भाग गाडीच्या हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या दांड्याच्या, बॉलवर बसतो, दुसरा ट्रेलरच्या दांड्याला पक्का बोल्ट केलेला असतो. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे येतो, हे दोन भाग एकमेकांत शिरतात आणि आतली दांडी मास्टर सिलिंडर दाबते. तिथून पुढे सगळं साध्या गाडीसारखंच आहे. ब्रेक ऑइल नळीतून चाकांपर्यंत जातं आणि डिस्क किंवा ड्रम ब्रेक लागतो. हे सरकणं धक्क्याने होऊ नये म्हणून बऱ्याच ॲक्च्युएटरमध्ये एक छोटा शॉक ॲब्सॉर्बरही असतो. तो लक्षात ठेवा.

बोटीच्या ट्रेलरला हीच पद्धत का, याचं कारण उघड आहे. बोट उतरवताना ट्रेलर मागून पाण्यात ढकलावा लागतो, चाकं बुडतात. इलेक्ट्रिक ब्रेकची मॅग्नेट आणि वायरी असं वरचेवर बुडणं फार दिवस सोसत नाहीत. शिवाय सर्ज ब्रेक असला की गाडीत इलेक्ट्रिक ब्रेकना करंट देणारा वेगळा ब्रेक कंट्रोलर लागत नाही, मित्राचा पिकअप मागून आणला तरी चालतं. अनेक राज्यांत ३००० पाउंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, आणि हा आकडा गाठायला फार मोठी बोट लागत नाही. बोट, इंजिन आणि ट्रेलर यांच्या वजनात पेट्रोलही धरा. ते गॅलनला सुमारे सहा पाउंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तिचेच २४० पाउंड झाले.

या ब्रेकला पेडल कळत नाही, फक्त रेटा कळतो. रेटा कशामुळे आला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तुम्ही उतारावर खालचा गिअर टाकून गाडी सावकाश घेतलीत, ब्रेकला पायसुद्धा लावला नाहीत, तरी ट्रेलर मागून रेटतो आणि त्याचे ब्रेक लागतात. लांबलचक घाट उतरल्यावर ट्रेलरची चाकं तापलेली असतात आणि गाडीची गार, ती यामुळेच. रिव्हर्स घेतानाही तेच. त्या भानगडीकडे पुढे येऊ.

आवाज कसला, त्याआधी आवाज केव्हा

‘कसला आवाज येतो?’ या प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. कुणाला खडखड वाटते, कुणाला घरघर. ‘केव्हा येतो?’ हा प्रश्न जास्त कामाचा. फक्त थांबताना आणि निघताना? ब्रेक लागलेला असेपर्यंत सतत? ब्रेक लावला नसतानाही? की फक्त रिव्हर्समध्ये? एवढं नीट ठरवलंत तरी तपासाच्या जागा दोन-तीनवर येतात.

सर्वांत जास्त तक्रार असते ती थांबताना एक ‘ठण्ण’ आणि निघताना एक ‘ठण्ण’ अशी. हा आवाज ढिलाईचा. गाडीपासून बोटीपर्यंत सांधेच सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा थोडा ढिला असू शकतो. म्हणून पुढून मागे एकेक सांधा बघत जायचं.

पहिला सांधा गाडीच्या खालच्या चौकोनी नळीत घातलेल्या हिचच्या दांड्याचा. पिनेसाठी जागा ठेवलेली असते, त्यामुळे तो थोडा हलतोच, आणि रिकामा असतानाही खडखडतो. यावर आवळून बसणारा क्लॅम्प मिळतो, स्वस्तातला. दुसरा सांधा बॉल आणि त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीचा, म्हणजे कपलरचा. इथे मात्र गंमत नाही. बॉल १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच अशा मापांत येतात, आणि २ इंची कपलर १ ७/८ च्या बॉलवर बसल्यासारखा वाटतो, लॅचही लागतो. मग तो वाजतो, आणि एखाद्या खड्ड्यात उडून सुटूही शकतो. बॉलच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं, कपलरवरही असतं. दोन्ही वाचा. माप जुळूनही खेळ जाणवत असेल तर कपलरखाली बॉलला धरणाऱ्या पट्टीचा नट असतो, तो आवळून खेळ काढता येतो.

तिसरा सांधा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बोट घरच्या गॅरेजमध्ये मावावी म्हणून कित्येक ट्रेलरचा पुढचा दांडा बिजागरीवर बाजूला वळतो. ओळखीतल्या एका गृहस्थांचा ट्रेलर असाच ठणठणत होता आणि दुकानाने चारही चाकांच्या ब्रेकचा खर्च सांगितला होता. ब्रेक ठणठणीत होते. बिजागरीच्या पिनेचं भोक झिजून लंबगोल झालं होतं आणि पिनेभोवती पेन्सिलीचं टोक शिरेल एवढी फट होती. दर सिग्नलला काही हजार पाउंडांचा ट्रेलर त्या फटीत आधी पुढे आपटायचा, मग मागे. नवी पिन आणि बुश बसवल्यावर आवाज गेला.

आणखी मागे गेलात की बोट स्वतः. पुढचा पट्टा आणि मागचे पट्टे सैल असले की ब्रेक लागताच बोटच फळ्यांवरून इंचभर पुढे सरकते आणि नाकाने पुढच्या रबरी आडणीवर आपटते. आतून ऐकणाऱ्याला तो अगदी ब्रेकचाच आवाज वाटतो. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये वजन वाटून देणारा जो डोलता तुकडा असतो, त्याचे बुश झिजले की तोही वाजतो.

हे सगळं चालत्या गाडीतून कळणार नाही. सपाट जागी ट्रेलर जोडा, ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी अगदी हळू, किंचित पुढे-मागे करायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये नाही. फोन जमिनीवर ठेवून व्हिडिओ काढा, एकेका सांध्याजवळ ठेवून. स्लो मोशनमध्ये कोण आधी हलतं आणि कोण आपटतं ते स्वच्छ दिसतं. आपल्याला ऐकू येतो तो एकच आवाज, पण व्हिडिओत तो दोन सांध्यांचा निघतो, असंही होतं.

डबा जास्त सरकतोय का

सगळे सांधे घट्ट आहेत आणि आवाज त्या पुढच्या डब्यातूनच येतोय, असं ठरलं तर सरकणाऱ्या भागावर खडूने एक रेघ मारा. मोकळ्या पार्किंगमध्ये हळू वेगात जाऊन जरा जोरात ब्रेक लावा आणि गाडी पुढे-मागे न होऊ देता उतरून बघा. खडूची रेघ किती आत गेली? साधारण इंचभराच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर ब्रेक लागायला उशीर होतोय, डबा शेवटपर्यंत आत जातोय आणि लोखंड लोखंडावर आदळतंय. नेमकी मर्यादा ॲक्च्युएटरच्या माहितीपत्रकात दिलेली असते.

जास्त सरकण्याची कारणं तीनच. ड्रम ब्रेक असतील तर लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, झिजून ड्रमपासून लांब गेलेत, त्यांना ॲडजस्ट करायला हवं. किंवा ऑइल कमी झालंय. किंवा नळीत हवा शिरलीय, आणि हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. ऑइल कमी दिसलं तर नुसतं भरून गप्प बसू नका, ते गेलं कुठे हे शोधा. ट्रेलरच्या फ्रेमवरून गेलेली लोखंडी नळी गंजून पाझरते, किंवा चाकाच्या आतल्या बाजूला सिलिंडर गळतो. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, चिकट ओघळ दिसला की समजा.

डबा इंचभरच सरकतोय पण धक्क्याने सरकतोय, ब्रेक लावल्यावर ट्रेलर एकदा नाही तर दोन-तीनदा ढकलतो, असं होत असेल तर आतला शॉक ॲब्सॉर्बर गेला. तो सुटा मिळतो. सरकणाऱ्या भागाचे रोलर किंवा बुश झिजले असतील तर डबा वर-खालीही डुगडुगतो. तेही सुटे मिळतात, पण जुन्या ॲक्च्युएटरचा गंज काढत बसण्यापेक्षा कधी कधी पूर्ण नवा बसवलेला परवडतो.

रिव्हर्स घेताना कण्हणारा ट्रेलर

रिव्हर्समध्ये गाडी ट्रेलरला मागे ढकलते, डबा आत जातो आणि सर्ज ब्रेकला वाटतं ब्रेक लावायचाय. यावर दोन वेगळे उपाय आहेत आणि आपल्या ट्रेलरला कुठला आहे हे माहीत असायला हवं.

ड्रम ब्रेकमध्ये बहुधा यांत्रिक सोय असते. चाक उलटं फिरलं की लायनर आपोआप सैल पडतात. ही सोय गंजून अडकली की रिव्हर्समध्ये ट्रेलर कण्हतो. डिस्क ब्रेकमध्ये असं काही नसतं, म्हणून मास्टर सिलिंडरच्या पुढे एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बसवतात. गाडीचा रिव्हर्स लाइट लागला की त्याला १२ व्होल्ट मिळतात आणि तो ऑइलची वाट अडवतो. त्यासाठीच बोटीच्या ट्रेलरची चपटी पिन चारऐवजी पाच वायरींची असते. पाचवी निळी वायर रिव्हर्सची.

गाडीला चारच वायरींचा सॉकेट असला तर निळी वायर लटकत राहते. गंमत अशी की बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर हे कळत नाही. तिथे आपण उताराने मागे जात असतो, ट्रेलर स्वतःच्या वजनाने गाडीला खाली ओढतो, मग डबा दाबला जाणार कसा? घरी आल्यावर चढाच्या ड्राइव्ह-वेवर ट्रेलर मागे घ्यायला जावं, तर चाकं जाम, टायर घासतात आणि ब्रेक किंचाळतात. लोक ब्रेक बदलायला निघतात आणि कमतरता एका वायरीची असते. इग्निशन चालू ठेवून, ब्रेक दाबून धरून कुणाला तरी रिव्हर्स टाकायला सांगा आणि डब्यापाशी बाजूने कान द्या. बारीक ‘टक्’ ऐकू आलं तर सोलेनॉइडला करंट मिळतोय.

याच्या उलटची चूक जास्त वाईट, कारण ती आवाजच करत नाही. सात पिनांच्या गोल सॉकेटमध्ये निळी वायर इलेक्ट्रिक ब्रेकसाठी असते आणि रिव्हर्सची पिन सहसा मधली. रंग बघून निळ्याला निळी जोडली आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर असला, तर ब्रेक पेडल दाबताक्षणी सोलेनॉइड ऑइल अडवतो. म्हणजे नेमके हवे तेव्हाच ट्रेलरचे ब्रेक बंद. टेल लाइटच्या वायरीला जोडलं गेलं तर रात्रभर बंद. टेस्टर घेऊन तपासा : त्या वायरीत करंट फक्त रिव्हर्समध्ये यायला हवा, एरवी कधीही नाही.

किंचाळणं, खरवडणं, घरघर

महिनाभर उभ्या असलेल्या ट्रेलरचे पहिले काही ब्रेक खरवडल्यासारखे वाजतात. डिस्कवर चढलेला गंज पॅड खरवडून काढतात, काळजीचं कारण नाही. चाक मोकळं फिरवल्यावर डिस्क ब्रेकचा हलका ‘सुस्स’ आवाजही चालतो, पॅड डिस्कला किंचित टेकलेलेच असतात. पाच-दहा मैलांनंतरही खरवड तशीच राहिली तर चाक काढा. फक्त बाहेरून बघून ‘पॅड जाड आहेत’ असं म्हणू नका. पॅड धरणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या की आतल्या बाजूचा पॅड एकटाच झिजत जातो आणि बाहेरचा नवाकोरा दिसतो. पॅडचा घासणारा थर १/८ इंचाच्या खाली गेला असेल तर मी तरी बदलून टाकेन. पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावल्यावर किंचाळणंही पुष्कळदा थांबतं.

ड्रममध्ये गंज वेगळ्या रीतीने घात करतो. लायनरच्या खालचा पत्रा गंजून फुगतो आणि लायनरचा तुकडाच उचकटून निघतो. तो ड्रमच्या आत गडगडतो. स्प्रिंग गंजून तुटली तरी तसाच डब्यात खिळा टाकल्यासारखा आवाज येतो. हा आवाज आला की तो ट्रेलर पुढे ओढू नये. तुटका तुकडा मध्ये अडकला तर चाक जाम होतं, आणि तेही हायवेवर.

ब्रेक लावलेला असो वा नसो, वेगाबरोबर वाढणारी घरघर ही बेअरिंगची. बोटीच्या ट्रेलरची बेअरिंग लवकर जातात, त्याला कारण आहे. तासभर हायवेवर धावून हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला चाकाचा मधला भाग, गरम झालेला असतो, आपण थेट रॅम्पवर जाऊन तो गार पाण्यात बुडवतो. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. म्हणून हबवर स्प्रिंगवालं झाकण बसवतात, बेअरिंग बडी नावाने ते प्रसिद्ध आहे. ते आतल्या ग्रीसवर किंचित दाब ठेवतं, म्हणजे पाण्याला शिरायला जागा राहत नाही. पण उत्साहाच्या भरात ग्रीस गन दाबत राहिलात तर मागचं सील उचकटतं आणि ग्रीस थेट ब्रेकवर जातं. ग्रीस प्यायलेले लायनर धड धरतही नाहीत आणि चमत्कारिक आवाजही करतात. ते धुऊन पुन्हा वापरायचा प्रयत्न करू नका.

वेगात सतत घासण्याचा आवाज आणि सोबत जळका वास, तर ब्रेक सुटतच नाहीये. पिस्टन अडकला असेल, डबा आत जाऊन तिथेच चिकटला असेल, किंवा अगदी साधं कारण : ट्रेलर सुटला तर ब्रेक लागावेत म्हणून जी आपत्कालीन साखळी किंवा केबल गाडीला अडकवतो, ती आखूड पडते. वळणावर ती ताणली जाते, छोटा खटका ओढला जातो आणि ब्रेक अर्धवट लागलेले राहतात. साखळी वळणालाही पुरेल एवढी सैल हवी आणि जमिनीला घासणार नाही एवढी वर.

स्वतः हात घालायचा तर

आधी सुरक्षितता. ठोकळे लावा, जॅकने उचलल्यावर खाली स्टँड ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली वाकू नका. जॅक ॲक्सलच्या मधोमध लावू नये, ॲक्सल वाकतो. कंपनीने सांगितलेल्या जागीच लावा.

ड्रम ॲडजस्ट करताना मागच्या पत्र्यातल्या फटीतून दातेरी चकती फिरवायची. चाक हाताने फिरवत, ते फिरेनासं होईपर्यंत आवळायचं आणि मग सांगितलेले दात, बहुतेक ठिकाणी दहाच्या आसपास, सैल करायचे. चाक फक्त पुढच्या दिशेने फिरवायचं. उलटं फिरवलंत तर ती रिव्हर्सची सोय जागी होते, लायनर सैल पडतात आणि सगळा हिशेब चुकतो.

नळीतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. पेडल नाही, मग पंप कशाने करायचा? पुष्कळ ॲक्च्युएटरमध्ये त्यासाठी भोक ठेवलेलं असतं, त्यातून जाडसर स्क्रू ड्रायव्हर घालून आतली दांडी ढकलायची. ऑइल सहसा डॉट ३ या प्रकारचं. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल शोषली की उकळायचं तापमान २०५ अंश सेल्सिअसवरून १४० पर्यंत खाली येऊ शकतं. ज्या ब्रेकला लांब उतारावर आपोआप तापायची सवय आहे, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. सिलिकॉनवालं डॉट ५ यात मिसळू नये.

खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळाच. फ्लोरिडात किंवा टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनला बोट उतरवणाऱ्यांनी वर सांगितलेलं सगळं दुप्पट वेगाने घडेल असं धरून चालावं. ट्रेलर पाण्याबाहेर आला की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, आणि चाकाच्या बाहेरून नाही तर आतून, ब्रेकवर. ड्रम असतील तर आत पाणी सोडायची नळी बसवून मिळते. मुरलेलं मीठ वरून पाणी मारून निघत नाही.

दुरुस्ती तुम्ही केलेली असो की दुकानाने, लगेच हायवे गाठू नका. मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी दहा-पंधरा मैल वेगाने चार-पाच ब्रेक लावून बघा, मग दहाएक मैल चालवा आणि थांबल्यावर प्रत्येक हबचं तापमान बघा. लांबूनच तापमान दाखवणारा थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर हात जवळ नेऊन आच बघा, लोखंडाला लावू नका. आकडा किती यापेक्षा डावं-उजवं सारखं आहे का, हे महत्त्वाचं. एक चाक इतरांपेक्षा फारच तापलं असेल तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग आवळलंय. आणि एखादं चाक बाकीच्यांच्या मानाने गारच राहिलं असेल, तर त्याचा ब्रेक लागतच नाहीये. जॅक पुन्हा बाहेर काढा.